अस्तंब्याचं तेल

चोपड्याहून शिरपूर, शहादा करत तळोद्याला जाणाऱ्या रस्त्याला आमच्याकडे अजून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ताच म्हणतात. पश्चिमेकडे तोंड करून निघालं की सातपुडा उजव्या हाताला लागतो आणि तळोद्यापर्यंत काही सोबत सोडत नाही. खाली माणसांनी वाटण्या केल्या. 1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे पाडले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. डोंगराला यातलं काही कुणी कळवलेलं नाही.

या रस्त्याने दर दिवाळीत, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, चोपडा तालुक्यातला एक केळीवाला शेतकरी एसटीने तळोद्याला जायचा. मांडीवर शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा कॅन. गावात लहानथोर सगळे त्याला जिभाऊ म्हणत. विहीर बागायत, दोन बैलजोड्या, एक ट्रॅक्टर, विकास सोसायटीची चेअरमनकी. पंगतीत ज्याच्यासाठी थोडं सरकून जागा करतात, असा माणूस. तेल अस्तंबा ऋषींसाठी.

अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. धडगाव तालुक्यात, म्हणजे जुन्या अक्राणीत, चार हजार फुटांहून उंच असा हा डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर ऋषींचं ठाणं. कळस, सभामंडप, दर्शनाची बारी असलं काही मनात आणू नये. दिवाळीत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून माणसं येतात, त्यात भिल्ल-पावरा तरुण पोरं सर्वांत जास्त. तळोद्याहून कोठार, देवनदी, असली, नकट्यादेव, जुनं अस्तंबा, भीमकुंड अशी वाट. धडगावच्या अंगाने आता गाड्याही बऱ्याच वर जातात, पण ज्याला नवस फेडायचा असतो तो तळोद्याहून पायीच निघतो. सागाची पानं पायाखाली वाजत असतात, त्रयोदशीचा अंधार असतो आणि पुढच्याच्या बॅटरीच्या उजेडात मागच्याने पाय टाकायचा असतो.

कथा सर्वांना ठाऊक आहे. युद्ध संपलं, दुर्योधन मांडी फुटून पडला, आणि त्या रात्री वडाखाली बसलेल्या अश्वत्थाम्याने एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना पाहिलं. त्यावरून त्याला सुचलं. अंधारात शिबिरात शिरून त्याने झोपलेली माणसं कापली. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत तो पांडव समजून द्रौपदीच्या पाच पोरांचे गळे कापतो. पहाटे कळतं की वैरी जिवंत आहेत आणि गेली ती लेकरं. मग ब्रह्मास्त्र, उत्तरेचा गर्भ, कपाळावरचा मणी काढून घेणं, आणि कृष्णाचा शाप: तीन हजार वर्षं रक्त-पू गळत एकटा भटकशील. सातपुड्यातली माणसं पुढचं सांगतात. तो अजून या डोंगरांत फिरतो, भेटेल त्याच्याकडे जखमेवर लावायला तेल मागतो, आणि वाट चुकलेल्याला वाटेला लावतो. तिकडे बऱ्हाणपूरच्या पुढे असीरगडावरच्या महादेवालाही तो पहाटे येऊन फूल वाहतो, असं तिथले लोक म्हणतात. म्हणजे सातपुड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याची फेरी चालू आहे.

जिभाऊच्या तेलाला मात्र वेगळं कारण होतं.

जिभाऊ आणि त्याचा चुलतभाऊ बापू यांचं शेत बांधाला बांध. बापू दर पावसाळ्यात नांगर थोडा आत घालून बांध कोरायचा. खानदेशात निम्मी भाऊबंदकी इथूनच सुरू होते आणि उरलेली सामायिक विहिरीवर. एका लग्नाच्या पंगतीत बापू चार लोकांत म्हणाला, “चेअरमनला सोसायटीचे आकडे मोजता येतात, स्वतःचे तास मोजता येत नाहीत.” लोक हसले. जिभाऊपण हसला. आणि फाल्गुनी अमावस्येच्या रात्री, उद्या गुढीपाडवा असताना, तो कोयता घेऊन निघाला.

शेतात कुणी नसणार हे त्याला माहीत होतं. त्या आठवड्यात थ्री फेजची लाईट दिवसाची होती, त्यामुळे रात्री पाणी भरायला कुणी येणार नव्हतं. बांधावरून जायचं तर कुत्रं भुंकेल, म्हणून तो नाल्याच्या अंगाने वर चढला.

केळीचं खोड म्हणजे थरावर थर गुंडाळलेलं पाणी. उसाला जोर लागतो, केळीला लागत नाही. एक तिरका वार आणि ती वरच्या घडाच्या वजनानेच कलंडते, धप्प करून आडवी होते. मनगटावर गार पाणी उडतं. मृगबागेची केळी होती, निसवून घड अर्धेअधिक भरलेले. पहिल्या दहा-वीस खोडांपर्यंत त्याला प्रत्येक वारासरशी ती पंगत आठवत होती. मग नुसता हात चालत राहिला. तीनशेच्या आसपास झाली असतील तेव्हा दम लागून तो थांबला आणि आला तसा नाल्यातून परत गेला.

सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या आणि बोंब उठली. जिभाऊ गावाबरोबर पाहायला गेला. बापूची बाग उभीच होती. खोडं आडवी झाली होती ती नाल्याकडच्या वीस गुंठ्यांच्या पट्ट्यातली, आणि तो पट्टा बापूने त्या वर्षी आपल्या सालदाराला निम्मे बटाईने दिला होता.

सालदार डोंगरातला, धडगावकडचा पावरा. बायको आणि एक मुलगा घेऊन पाच-सहा सालं बापूकडे राहिलेला. सालाच्या पैशांतून उचल फिटत नव्हती म्हणून बापूनेच हा तोडगा काढला होता: तू राब, अर्धं तुझं. रोपांपासून खतापर्यंत सालदाराने त्या वीस गुंठ्यांत जीव ओतला होता. त्या सकाळी तो आडव्या खोडांतून हिंडत घड उचलून उलटेपालटे करून पाहत होता. कोवळ्या केळ्यांना बाजार नसतो, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

तलाठी आला, पंचनामा झाला. जळगावच्या पेपरात आतल्या पानावर बातमी आली, अज्ञात समाजकंटकांनी केळीची खोडं कापली. आमच्या भागात ही बातमी वर्षातून कितीदा तरी येते आणि तो अज्ञात समाजकंटक बहुतेक वेळा बातमी मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांतच बसलेला असतो. संध्याकाळी मारुतीच्या पारावर चर्चा रंगली. कुणाचं काम असेल? बापूचा वैरी कोण? नजरा आपल्याकडे वळायच्या आत जिभाऊ म्हणाला, “सालदाराचा तरी काय भरवसा? वाट्यावरून बापूशी कुरकूर चाललीच होती की त्याची.”

एवढंच. आरोप नाही, शिवी नाही, नुसती शंका. पण चेअरमनची शंका. दोन दिवसांत गावभर झालं की सालदारानेच दारूच्या भरात आपल्या हाताने कापली. बापूलाही ते सोयीचं होतं. परक्यावर गेलं की घर शाबूत राहतं. महिनाभराने अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. सालदारांची सालं अखाजीला संपतात आणि अखाजीलाच नवी ठरतात. या सालदाराशी नवं साल कुणीच ठरवलं नाही. बापूने उचलीचा हिशेब पुढे ठेवला. दोन गाठोडी आणि मुलगा घेऊन नवरा-बायको एसटीत बसले.

राहिला तो सदरा. केळीचा चीक अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. वाळला की काळा पडतो आणि मग कपडा फाटेपर्यंत जात नाही. पण केळीवाल्याच्या सदऱ्यावरचे चिकाचे डाग कुणाला खटकतात? इतकं निर्धोक गुन्ह्याचं निशाण जगात दुसरं नसेल. जिभाऊच्या बायकोने तो सदरा जुन्यात काढला आणि पावसाळ्यात गोधडी शिवायला घेतली तेव्हा पाठीचा सगळा तुकडा त्यात लावून टाकला. हिवाळ्यात ती गोधडी त्याच्याच अंगावर आली. तेव्हापासून त्याची झोप उडाली. “रातले नींद का येत नही तुमले?” बायको विचारी. तो म्हणे, पित्त.

पित्तावर त्याने देव शोधले. आधी आडगावची मनुदेवी केली. मग अडावदजवळ उनपदेवच्या गरम पाण्यात बसून आला. मग ओंकारेश्वर, येताना असीरगड. पाप जितकं जवळचं तितकं क्षेत्र लांबचं शोधायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शेवटी अस्तंबा.

अस्तंब्याचं त्याला कुणी सुचवलं नव्हतं. ते सालदारानेच सांगितलेलं होतं. लाईट रात्रीची असायची त्या आठवड्यांत दोघं सामायिक विहिरीवर शेकोटी करून बसत, मोटर चालू होण्याची वाट बघत. तेव्हा सालदार बोलायचा. आमच्या अंगणातून ऋषींचा डोंगर समोर दिसतो, जिभाऊ. धनतेरसच्या रात्री बॅटऱ्यांची रांग वर चढताना दिसते. भीमकुंडाच्या अलीकडे एक मोठा मोह आहे. उजवीकडे वर चढलं की ऋषी, डावीकडे खाली उतरलं की आमचा पाडा. कुणालाही विचारा.

पहिल्या वर्षी जिभाऊ त्या मोहापाशी आला तेव्हा पहाट व्हायची होती. डावीकडे, खाली, एका घरात चूल पेटलेली दिसत होती. तो पाणी प्यायला, कॅन या हातातून त्या हातात घेतला, आणि उजवीकडे वळला. पुढची चढण अवघड आहे. काही ठिकाणी हात टेकावे लागतात, मुरमावरून पाय सटकतो आणि पाच लिटर तेल खांद्याला ओढत राहतं. माथ्यावर वारा अंगावरचं पांघरूण ओढून नेईल असा. जिभाऊने तेल वाहिलं, नारळ फोडला, आणि उतरताना त्याला इतकं हलकं वाटलं की तळोद्याच्या स्टँडवर त्याने दोन प्लेट भजी खाल्ली. ते हलकेपण तुळशीच्या लग्नापर्यंत टिकलं.

म्हणून तो दुसऱ्या वर्षी गेला. तिसऱ्या वर्षी गेला. गावात नाव झालं: जिभाऊ एवढा कामाचा माणूस, पण ऋषींची वारी चुकवत नाही. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेलच्या पत्रकावर ‘धार्मिक वृत्तीचे’ असं छापलं गेलं. दर वर्षी मोहापाशी तो थांबायचा, पाणी प्यायचा, आणि उजवीकडे वळायचा. वर चढायला दोन-अडीच तास, अंगाचा घाम निघतो, गुडघे बोलतात; खाली पाड्यावर उतरायला फार तर अर्धा तास. दर वर्षी त्याने अवघड वाट धरली, असं पाहणाऱ्याला वाटावं.

सातव्या वर्षी देवनदीपाशी शहाद्याकडची एक टोळी त्याला भेटली. कॉलेजची पोरं आणि त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. रात्री चहा उकळत असताना एका पोराने जिभाऊच्या कॅनकडे बघत विचारलं, “गुरुजी, इतकी माणसं इतकं तेल वाहतात. मग जखम भरत का नाही?”

“शाप आहे बाबा.”

“शाप तीन हजार वर्षांचा ना? तुम्हीच सांगितलं. आणि कलियुगालाच पंचांगात पाच हजारांवर वर्षं झाली. म्हणजे शाप तर कधीच संपला.”

पोरं हसली. गुरुजीही हसले. “गणित तुझं बरोबर आहे. आता मी सांगतो ते पोथीत नाही, माझं आहे, पटलं तर घ्या. महाभारतात त्याचा मणी द्रौपदीला नेऊन देतो कोण? भीम. हा समोर येतच नाही. भागवतात येतो, पण कसा? अर्जुन त्याला बांधून आणतो, जनावरासारखा. आणि तिथे द्रौपदी काय म्हणते? सोडा याला, याच्या आईनेही माझ्यासारखं रडू नये. म्हणजे ती तर मोकळी झाली. पण हा आपल्या पायाने तिच्या दारात गेला, असं दोन्हीकडे नाही. शाप संपून दोन हजार वर्षं झाली, सगळा सातपुडा पायाखाली घातला, लोकांना वाटा दाखवल्या. तेवढ्या एका दारात काही गेला नाही.” मग चहाचा ग्लास तोंडाला लावत म्हणाले, “आता तर दारही राहिलं नाही. कुठे जाणार?”

पोरांनी विषय मोबाईलच्या रेंजवर नेला. जिभाऊचा चहा हातातच थंड झाला.

मोहापाशी टोळी पोचली तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. जिभाऊने कॅन त्या गणितवाल्या पोराच्या हातात दिला. “वर वाहून टाक.” “आणि तुम्ही?” “माझं खाली काम आहे.” एवढं बोलून तो डावीकडे उतरला.

त्या डोंगरात पाड्याची घरं एकमेकांना चिकटून नसतात. एकेका टेकाडावर एकेक घर, भोवती त्याचं शेत, आंब्याची दोन-चार झाडं. उन्हाळ्यात याच झाडांच्या कैऱ्या चिरून वाळवून धडगावच्या बाजारात आमचूर जातं. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात मक्याच्या कणसांचा ढीग. सालदार तिथेच बसून कणसं सोलत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मान वर केली, ओळखलं, बसायला खाट ओढली, पाणी दिलं आणि पुन्हा कणसाला हात घातला.

जिभाऊ खाटेवर बसला नाही. उभ्यानेच बोलला. मी कापली. बापूची कापायची होती, अंधारात तुझी कापली गेली. हे तो सात वर्षं मनात घोळवत आला होता आणि प्रत्यक्षात ते इतक्या थोड्या शब्दांत संपलं, की मग काय करायचं ते त्याला कळेना. त्याने खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले.

सालदाराने पैशांकडे पाहिलं नाही. कणसातून चार दाणे काढून त्याने शेणाने सारवलेल्या जमिनीवर एका ओळीत मांडले आणि पहिल्यावर बोट ठेवलं. “ही बापूंची उचल. ती फेडायला बैल विकला. इकडे डोंगरात एका बैलावर शेती होत नाही.” दुसरा दाणा. “मग गुजरातला ऊसतोडीला गेलो. बारडोलीकडे. तीन हंगाम. बायकोची कंबर तिथे गेली.” तिसरा. “पोरगा तुमच्या गावात चौथीत होता. हुशार होता, तुमची बायकोच म्हणायची. इकडे आश्रमशाळेत घातला, पण आम्ही ऊसतोडीला आणि तो मागे एकटा. पळून आला. आता सुरतला आहे, बांधकामावर.”

चौथा दाणा त्याने उचलला आणि बाकीच्या तिघांपासून हातभर लांब ठेवला.

“या तिघांचे पैसे होतात. तुम्ही आणलेत त्यापेक्षा जास्त होतात, ते आपण बसून बोलू. याचे होत नाहीत. स्वतःचं पीक कापणारा म्हणून मी गावातून निघालो, जिभाऊ. एसटीत बसलो तेव्हा बापूंच्या आईने तोंड फिरवलं. आणि पारावर तो शब्द पहिल्यांदा कोण बोललं, ते मला त्याच रात्री कळलं होतं. म्हणून मी तेव्हाही ओळखलं होतं, कुणी कापली ते.”

“मग बोलला का नाहीस?”

सालदार हसला. त्यात राग कमी आणि कीव जास्त होती. “चेअरमनसमोर सालदार?”

आतून त्याच्या बायकोने मक्याची भाकर आणि उडदाची डाळ आणली. जिभाऊ जेवला. जेवण होईस्तोवर कुणी काही बोललं नाही. निघताना सालदाराने तीन दाणे कोंबड्यांपुढे टाकले. चौथा जिभाऊच्या हातावर ठेवला. “जिथे पडला होता तिथे नेऊन ठेवा.”

आता इथे एखादा कथेकरी जिभाऊला धावत गावी नेईल. तसं झालं नाही. तळोद्याहून शहाद्यापर्यंत त्याचा निश्चय पक्का होता, शिरपूरला तो ढिला पडला आणि चोपड्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्याने मनाशी ठरवलं होतं की पैसेच दुप्पट देऊ. लक्ष्मीपूजन गेलं, पाडवा गेला. भाऊबीजेला बहीण ओवाळायला आली. तिने कपाळाला कुंकू लावलं तेव्हा त्याने एकदम हात लावून ते पुसलं. बहीण घाबरली. “काय जयं, भाऊ?” “काही नही,” म्हणाला आणि तसाच उठून पारावर गेला.

सुट्टीला आलेली पोरं, म्हातारे, पत्ते खेळणारे, पार भरलेला होता. बापूही होता. जिभाऊने सांगायला सुरुवात केली तेव्हा पहिल्यांदा एक-दोघं हसले. त्यांना वाटलं, कुणाची तरी फिरकी घेतोय. कोयता, नाला, अमावस्या, तीनशे खोडं. आणि शेवटी, त्या संध्याकाळी याच पारावर बसून मीच सालदाराचं नाव घेतलं. बापू उठला तो थेट गळपट्टीला. “म्हणजे माझी कापायला आला होतास?” चौघांनी ओढून बाजूला केलं. एक म्हातारा म्हणाला, “अरे झालं गेलं, सात वर्षांनी कशाला उकरतोस? गावाची अब्रू जाते.” त्याला जिभाऊने उत्तर दिलं नाही. त्याची बायको घरी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने गोधडी उसवून तो तुकडा काढला आणि चुलीत घातला. त्याने काय झालं ते ती कधी बोलली नाही, आणि मला वाटतं त्याने काही झालंही नसेल.

पुढच्या दोन महिन्यांत सोसायटीची चेअरमनकी गेली. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं होतं. ते त्यांनी वापरलं, आणि चूक काय केली? बापूने बोलणं टाकलं आणि बांधाची मोजणी आणली. मोजणीत बांध बापूचाच हातभर आत निघाला, पण आता ते कुणापुढे मिरवावं असं जिभाऊकडे काही उरलं नव्हतं. नव्या कार्यकारिणीने पत्रकावर ‘प्रामाणिक’ हा शब्द मोठ्या टायपात छापला.

अखाजीला सालदार आला. निरोप जिभाऊनेच धाडला होता. ओसरीवर बसून दोघांनी बैल, उचल, ऊसतोडीचे हंगाम असा हिशेब केला. सालदाराने दोनदा आकडा खाली आणला आणि एकदा, पोराच्या शाळेपाशी, वर नेला. जिभाऊने वर्षभरात दोन हप्त्यांत द्यायचं कबूल केलं, पहिला हप्ता तिथेच मोजला. सालदाराने नोटा थुंकी लावून पुन्हा मोजल्या. मग पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण झालं. बापूने माणूस पाठवून विचारलं, पुन्हा साल धरतो का, वाटेल ते देतो. सालदाराने नाही सांगितलं. डोंगरात मका आहे, आंबे उतरायला आलेत आणि पोरगा सुरतहून परत यायचा म्हणतोय.

दुपारी जिभाऊ त्याला मोटरसायकलवर स्टँडला सोडायला निघाला. पारापाशी आल्यावर सालदाराने मागून खांद्यावर हात ठेवला आणि थांबायला सांगितलं. उतरला, पारावर जाऊन मधोमध बसला, खिशातून पुडी काढून तंबाखू मळली, चिमूटभर स्वतः घेतली आणि तळहात पुढे केला. तिथे बसलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने घेतली, मग दुसऱ्याने. चौथ्याला चुना कमी वाटला, त्याने मागून घेतला. सालदार हात झटकत उठला, म्हणाला, “चला जिभाऊ, शिरपूरची बस जाईल.”